सहकारी वसाहतीत घर घ्यावे काय?

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, वार्षिक वृत्तांत वाचून झाला, जमाखर्चाला आपण टाळ्यांच्या गजरात मंजुरी दिली, आणि आता पंगतीची वेळ जवळ येत असता आम्ही एका रूक्ष विषयावर बोलावयास उभे राहिलो आहो. विषय रूक्ष खरा. पण तो आज आपल्यापैकी बहुतेकांच्या उंबरठ्याशी येऊन ठेपलेला आहे. वधूवरांच्या याद्या चाळताना ‘स्वतःचे घर’ या रकान्याकडे सर्वांची दृष्टी प्रथम जाते. निवृत्त झालेला गृहस्थ आपली जन्माची पुंजी हातात घेऊन तीच विचारणा करितो, आणि नुकताच नोकरीस लागलेला मुलगा वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेण्यापूर्वी तीच करितो : सोसायटीत घर घ्यावे, की न घ्यावे? दुसरीही एक विचारणा अलीकडे वारंवार कानांवर येते. ती अशी की, आपल्या ज्ञातीची स्वतंत्र वसाहत निघाली, तर तीत घर घेणे अधिक सुरक्षित नव्हे काय? या दोन्ही प्रश्नांचा आज आम्ही यथामति परामर्श घेणार आहो.

प्रारंभी थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. कारण आपण जी वस्तु विकत घेऊ इच्छितो ती मुळात कशी जन्मास आली हे ठाऊक असल्यावाचून तिची पारख करिता येत नाही. आपले आजोबा-पणजोबा गावी स्वतःच्या घरात किंवा वाड्यात राहत आणि मुंबईस आले म्हणजे चाळीत भाड्याने राहत. घराचा मालक एक, भाडेकरू अनेक, असा सरळ व्यवहार होता. छप्पर गळले तर मालकाला बोल लावावा आणि भाडे थकले तर मालकाचे बोल ऐकावेत. इमारतीचे पुढे काय होणार, ही चिंता भाडेकरूने वाहावयाची नसे. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीच्या आसपास गोठवून टाकली. त्यामुळे जुन्या भाडेकरूंना मोठा आधार मिळाला, यात शंका नाही. परंतु भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणे हा धंदा किफायतीचा राहिला नाही. जो तो बांधणारा खोल्या भाड्याने देण्याऐवजी विकू लागला आणि ‘ओनरशिप फ्लॅट’ हा शब्द मराठी संसारात शिरला. त्या विक्रीत खरेदीदारांची फसवणूक होऊ लागली, तेव्हा १९६३ साली महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा झाला. बांधकाम करणाराने खरेदीदारांची संस्था स्थापावी आणि जमीन व इमारत त्या संस्थेच्या नावे करून द्यावी, असे बंधन त्या कायद्याने घातले.

सहकारी तत्त्वावर घरे बांधण्याची कल्पना मात्र याहून पुष्कळ जुनी आहे, आणि ती एका ज्ञातीच्या कार्यकर्त्यांतूनच उदय पावली, हे या व्यासपीठावरून मुद्दाम सांगावयास हवे. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. तिचे प्रवर्तक रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी. आशिया खंडातील ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ओळखली जाते. आपल्या गुरूंच्या नावाने तालमकींनी १९०६ साली जी पतसंस्था काढली, तिचीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. एका लहानशा समाजाने परस्परांच्या आधारावर घरे उभारली, ही गोष्ट अभिमानास्पद होय. परंतु त्या उदाहरणातून नेमका कोणता बोध घ्यावयाचा, याविषयी पुष्कळांचा घोटाळा होतो. त्याकडे आम्ही थोड्या वेळाने वळू.

आता मुख्य सिद्धान्त सांगतो. सोसायटीत घर घेणारा मनुष्य ‘मी अमुक चौरस फूट जागा घेतली’ असे म्हणतो. परंतु त्याच्या हाती पडणारा महत्त्वाचा कागद म्हणजे शेअर सर्टिफिकेट होय. बहुधा पन्नास-पन्नास रुपयांचे दहा भाग, म्हणजे अवघ्या पाचशे रुपयांचा तो कागद असतो. लक्षावधी रुपये मोजून आपण जे मिळवितो ते त्या पाचशे रुपयांच्या कागदात साठविलेले असते. जमीन संस्थेची, जिना संस्थेचा, गच्ची संस्थेची, पाण्याची टाकी संस्थेची. आणि आपण त्या संस्थेचे सभासद म्हणून आपल्या सदनिकेचा उपभोग घ्यावयाचा. सारांश, आपण चार भिंती घेत नसून एक सभासदत्व घेतो. भिंती आवडल्या म्हणून घर घेणे हे वधूचा शालू आवडला म्हणून विवाह ठरविण्यासारखे आहे.

पुण्याकडे पुष्कळ इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली येतात. तेथे सदनिका प्रत्येकाच्या स्वतःच्या मालकीची असते आणि जमिनीत व सामाईक भागांत त्याचा अविभक्त हिस्सा असतो. सामाईक खर्चाचा वाटाही त्या हिश्श्याच्या प्रमाणात पडतो. उलट सोसायटीत पहारेकरी, झाडलोट, कार्यालय इत्यादी सेवांचा खर्च सर्व सदनिकांवर सारखा बसतो. आपण यांपैकी कोणत्या प्रकारात शिरत आहो, हे न विचारता सही करणारे सुशिक्षित गृहस्थ पाहिले म्हणजे आम्हांस विस्मय वाटतो. परंतु प्रकार कोणताही असो, मूळ गोष्ट एकच : आपले सुख आता शेजाऱ्यांच्या बहुमतावर अवलंबून राहणार.

या सभासदत्वाने लाभ होत नाही असे नाही. पहारा, पाणी, उद्वाहन, बाग, मुलांना खेळावयास मोकळी जागा, वृद्धांना हाकेच्या अंतरावर माणूस, या गोष्टी एकट्या कुटुंबाला स्वतंत्र बंगल्यात परवडत नाहीत. त्या चाळीस कुटुंबांना मिळून सहज परवडतात. पण त्याबदली आपण काही स्वातंत्र्य संस्थेच्या स्वाधीन करितो. खिडकीला जाळी कशी बसवावी, भिंत पाडावी की नाही, गाडी कोठे उभी करावी, कपडे कोठे वाळत घालावेत, गच्चीवर मुंजीचा मांडव घालावा की नाही, हे एकट्याने ठरविता येत नाही. मासिक आकार वेळेवर दिला नाही, तर संस्थेला निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवून जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती रक्कम वसूल करिता येते. ‘माझे घर, माझी मर्जी’ असे म्हणणाऱ्याने सोसायटीच्या वाटेस जाऊच नये. त्याने लहान गावी का होईना, पण सुटे घर पाहावे. त्यातच त्याचे आणि शेजाऱ्यांचेही कल्याण आहे.

आता जो घेऊ इच्छितो त्याने काय पाहावे? घर पाहावयास गेलेली मंडळी फरशी पाहतात, ओटा पाहतात, खिडकीतून दिसणारा देखावा पाहतात. या गोष्टी पाहू नयेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु फरशी बदलता येते, संस्था बदलता येत नाही. म्हणून चार पृच्छा आधी कराव्यात.

पहिली पृच्छा जमिनीची. ज्या भूमीवर इमारत उभी आहे ती कोणाच्या नावे आहे? मालमत्तापत्रक किंवा सातबाराचा उतारा काढून पाहावा. इमारत तीस वर्षांची जुनी, सर्वांनी पैसे कधीच चुकते केलेले, आणि जमीन मात्र अद्याप बांधकाम करणाराच्या किंवा मूळ मालकाच्याच नावे, असे शेकडो ठिकाणी आढळते. अभिहस्तांतरणाचा दस्त, ज्याला लोक कन्व्हेयन्स म्हणतात, तो झालेला नसतो. हे इतके सार्वत्रिक झाले की, २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. म्हणजे मालक करून देत नसेल तर सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून संस्थेने जमीन आपल्या नावे करून घ्यावी. ज्या संस्थेने तेवढेही केलेले नाही, ती उद्या इमारत जीर्ण झाल्यावर पुनर्विकासाच्या वेळी कशाच्या बळावर बोलणी करणार? भोगवट्याचा दाखला मिळालेला आहे की नाही, हेही याच वेळी विचारून घ्यावे. बांधकाम नवे असेल, तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंद झालेली आहे की नाही, हे पाहावे. आणि वाहन उभे करण्याची उघडी जागा किंवा खांबांखालची जागा बांधकाम करणारा वेगळी किंमत लावून विकू पाहत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच तशी विक्री अमान्य केलेली आहे, याची त्यास आठवण द्यावी.

दुसरी पृच्छा पैशाची. विक्रेत्याकडून संस्थेचा गेल्या तीन वर्षांचा लेखापरीक्षित ताळेबंद मागून घ्यावा. परक्याला संस्था कागद दाखविणार नाही, परंतु विक्रेता हा सभासद आहे. ताळेबंद, उपविधी आणि सभांचे वृत्तांत पाहण्याचा व त्यांच्या प्रती घेण्याचा अधिकार सभासदाला कायद्यानेच दिलेला आहे. जो विक्रेता एवढे करावयास कां-कूं करितो, त्याच्या घराचा नाद सोडणे इष्ट. ताळेबंदात प्रथम दोन रकमा शोधाव्यात : निक्षेप निधी, म्हणजे लोक ज्याला सिंकिंग फंड म्हणतात तो, आणि दुरुस्ती निधी. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का निक्षेप निधीसाठी आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी जमा व्हावयास पाहिजे. समजा, चाळीस सदनिकांची इमारत आहे आणि प्रत्येकीचा बांधकामखर्च दहा लक्ष रुपये धरला, तर प्रत्येकाने निक्षेप निधीत वर्षाला २,५०० रुपये आणि दुरुस्ती निधीत ७,५०० रुपये घातले पाहिजेत. पंचवीस वर्षांत निक्षेप निधीच, व्याज न धरता, २५ लक्ष रुपये होतो. त्या जागी ताळेबंदात जर चार लक्षच दिसत असतील, तर उरलेले एकवीस लक्ष कोठे आहेत? ते चोरीस गेलेले नसतील. ते कधी गोळाच केलेले नसतील. सभासदांनी ‘आमच्याकडे मासिक आकार फार कमी आहे’ म्हणून पंचवीस वर्षे आनंद मानला असेल. परंतु गळणारी गच्ची आणि गंजलेली सळई कोणाचे बहुमत जुमानीत नाही. ज्या दिवशी दुरुस्ती काढावीच लागेल, त्या दिवशी जो सभासद असेल त्याच्याकडून ते एकवीस लक्ष मागितले जातील. आणि तो सभासद कदाचित आपण असाल. म्हणून आम्ही असे म्हणू की, फार कमी मासिक आकार हा फार जास्त आकारापेक्षाही अधिक सावधपणे तपासावा.

याच वेळी इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी, असे त्याच आदर्श उपविधींत म्हटले आहे. अहवाल नसेल तर इमारत सुदृढ आहे असा अर्थ होत नाही. कोणी पाहिलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी पृच्छा सभांच्या वृत्तांतांची. आमच्या मते संस्थेचे खरे स्वरूप ताळेबंदापेक्षाही तिच्या वृत्तांतांत उमटते. वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी होते काय? उपस्थिती किती? तेच तीन गृहस्थ सतत पंधरा वर्षे अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार आहेत काय? असल्यास दोन शक्यता संभवतात : ते कोणाला शिरू देत नाहीत, किंवा दुसरा कोणी पुढे येत नाही, आणि दुसरी शक्यता पहिलीपेक्षा अधिक चिंताजनक आहे. किती थकबाकीदार आहेत? सहकार न्यायालयात किती दावे चालू आहेत? कधी प्रशासक नेमावा लागला होता काय? लेखापरीक्षकाने संस्थेला ‘अ’ वर्ग दिला की ‘क’? ज्या वृत्तांतात भांडणे आहेत त्या संस्थेला भिऊ नये. मतभेद जेथे कागदावर येतात तेथे ते मिटण्याचा संभव असतो. ज्या वृत्तांतात दहा वर्षे प्रत्येक ठराव ‘सर्वानुमते’ संमत झालेला आहे, तेथे मात्र जरा थांबून विचार करावा.

चौथी पृच्छा नियमांची. उपविधी सर्वांना बहुधा सारखेच असतात. परंतु सूचनाफलकावरील नियम प्रत्येक संस्थेचे निराळे असतात. भाडेकरू ठेवण्याविषयी, वाढदिवस-बारशाच्या समारंभांविषयी, पाळीव प्राण्यांविषयी, इतकेच काय पण शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात काय शिजावे याविषयीही कोठे कोठे लिहिलेले व न लिहिलेले नियम असतात. त्यांतील कित्येक कायद्यापुढे टिकणारे नसतात. उदाहरणार्थ, सदनिकेच्या हस्तांतरणावर महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांहून अधिक अधिमूल्य घेता येणार नाही आणि स्वतः न राहणाऱ्या सभासदाकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक बिनभोगवटा शुल्क घेता येणार नाही, असे शासनाने २००१ सालीच ठरवून दिले. तरीही ‘विकासनिधीला ऐच्छिक देणगी’ या गोंडस नावाखाली लक्षावधी रुपये मागणाऱ्या संस्था आहेत. अशी ऐच्छिक देणगी सक्तीने घेणारी संस्था आपल्याला प्रवेशद्वारापाशीच आपला स्वभाव दाखवून देत असते. तो पाहूनही जो आत जातो, त्याने मागाहून तक्रार करण्यात अर्थ नाही.

हे झाले येथले. परंतु आपल्या सभासद कुटुंबांतील कित्येक मुले-मुली आज अमेरिकेत स्थायिक झालेली आहेत, आणि तेथे घर घेताना त्यांच्यापुढेही हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा राहतो. आईवडिलांची निवृत्तीची पुंजीही कधीकधी त्या घरात गुंतते. म्हणून त्याविषयी दोन शब्द सांगणे अप्रस्तुत होणार नाही. तेथे अशा वसाहतीच्या संस्थेला होमओनर्स असोसिएशन असे म्हणतात. घर सुटे असते, अंगण स्वतःचे असते, जमीनही स्वतःच्या नावावर असते. त्यामुळे घेणाऱ्यास वाटते की आपण पूर्ण मालक झालो. परंतु वसाहत आखणाराने पहिले घर विकण्यापूर्वीच एक करारनामा सरकारदरबारी नोंदवून ठेवलेला असतो, आणि त्यातील अटी जमिनीबरोबर एका मालकाकडून दुसऱ्याकडे चालत जातात. आपल्याकडे सभासद होण्यासाठी अर्ज करावा लागतो. तेथे खरेदीखत होताच मनुष्य आपोआप सभासद होतो, आणि घर विकल्यावाचून राजीनामा देता येत नाही. घराला कोणता रंग द्यावा, कुंपण किती उंच असावे, हिरवळ किती वाढू द्यावी, येथपर्यंत नियम पोहोचतात. एका देशाला आपल्याच नागरिकांनी आपल्या घरावर राष्ट्रध्वज लावण्यास अशा संस्थांनी आडकाठी करू नये म्हणून २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, एवढे सांगितले म्हणजे पुरे. वर्गणी थकली तर संस्थेचा घरावर बोजा चढतो, आणि अनेक राज्यांत त्या बोजापायी घराचा लिलावही होऊ शकतो. मग बँकेचे हप्ते वेळेवर गेलेले असोत वा नसोत.

निधी साठवून न ठेवल्याचे कोडे तेथेही हेच आहे. फ्लॉरिडात सर्फसाइड येथे १९८१ साली बांधलेली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ नावाची बारा मजली इमारत होती. तिचा कारभार सदनिकाधारकांच्याच संस्थेकडे होता. काँक्रीटची खराबी एका अभियंत्याने २०१८ सालीच लेखी दाखवून दिली. सुमारे दीड कोटी डॉलर्सची जादा वर्गणी मंजूर होण्यास २०२१ चा एप्रिल उजाडला. २४ जून २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसे मृत्युमुखी पडली. ती कोसळण्याची तांत्रिक मीमांसा हा तज्ज्ञांचा विषय आहे. आपल्यापुरता बोध एवढाच की, तीन वर्षे तेथील शेजारी पैशाविषयी वाद घालीत होते आणि त्या तीन वर्षांत इमारत काही त्यांच्यासाठी थांबलेली नव्हती. पुढे २०२२ साली त्या राज्याने जुन्या उंच इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीनिधी सक्तीचा करणारा कायदा केला. आपल्या तेथील मुलांना आमचे सांगणे इतकेच की, शाळेचा दर्जा आणि कार्यालयाचे अंतर जितक्या काळजीने पाहता, तितक्याच काळजीने संस्थेचा करारनामा आणि तिचा निधी पाहा.

आता ज्ञातिवसाहतीच्या प्रश्नाकडे वळतो. या व्यासपीठावरून जे बोलणार आहो ते काहींना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्ञातीच्या सभेत ज्ञातीच्या हिताचे बोलावयाचे नाही, तर मग कोठे बोलावयाचे?

‘सर्व आपलीच माणसे असतील, मग चिंता कसली?’ असे म्हटले जाते. आपल्या माणसांत राहण्याचे सुख आम्ही नाकारीत नाही. सणवार एकत्र होतात, वृद्धांना बोलावयास सोबत मिळते, अडीअडचणीला मनुष्य धावून येतो. परंतु हिशेबाच्या दृष्टीने पाहता, ‘आपला माणूस’ हीच गोष्ट कित्येकदा घातक ठरते. खजिनदार हा आपल्या व्याह्यांचा भाऊ असला म्हणजे त्यास पावत्या मागणे आपणांस अप्रशस्त वाटते. थकबाकीदार आपल्या मामेबहिणीचा मुलगा असला म्हणजे नोटीस पाठविणे चिटणिसाच्या जिवावर येते. अपुऱ्या कागदपत्रांवर आपण परक्याला एक रुपया देणार नाही. परंतु प्रवर्तक ज्ञातीचा आहे एवढ्यावरून आगाऊ रक्कम भरण्यास तयार होतो. विश्वास हा सद्गुण खरा. पण तो लेखापरीक्षणाच्या जागी बसविला की विश्वास आणि पैसा दोन्ही जातात, आणि नातीही त्यांच्यामागून जातात.

तालमकींच्या संस्थेचा बोध येथे लक्षात घ्यावा. ती एका ज्ञातीतून निघाली हे खरे. परंतु ती १९१२ च्या सहकारी कायद्याखाली नोंदलेली संस्था होती, आणि त्या कायद्याने प्रत्येक संस्थेचे हिशेब वर्षातून एकदा तरी तपासले जावेत असे बंधन घातलेले होते. म्हणजे परस्परांवर विश्वास असलेल्या माणसांनीच आपला हिशेब त्रयस्थाच्या डोळ्यांखाली ठेवण्याचे मान्य केले होते. आपण त्यांची ज्ञाती पाहतो आणि त्यांचे बंधन विसरतो. अनुकरणीय काही असेल तर ते बंधन होय.

अशा मर्यादित सभासदत्वाचा कायदा आणि व्यवहार असाही विचार करावयास हवा. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरते ठेवले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उपविधी ग्राह्य धरला. तो वाद निघाला कसा? संस्थेतील एका सभासदास आपल्या बंगल्याच्या जागी सदनिका बांधून त्या इतरांना विकावयाच्या होत्या. म्हणजे जी मर्यादा आत येताना आधार वाटते, तीच बाहेर पडताना पायबंद होते. विकावयाची वेळ आपत्तीत येते : आजारपणात, मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी, किंवा कर्ता पुरुष गेल्यावर. त्या वेळी घेणाऱ्यांचे वर्तुळ जितके लहान, तितकी किंमत कमी. शिवाय आपल्या राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्यात पात्र मनुष्याला पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही, असे खुल्या सभासदत्वाचे तत्त्व सांगितलेले आहे.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतील वसाहतींच्या जुन्या करारनाम्यांत, येथे अमुक वंशाच्या माणसास घर विकू नये, अशी अट सर्रास असे; तीत कृष्णवर्णीयांबरोबर कित्येक ठिकाणी आशियाई लोकांनाही वगळलेले असे. १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, न्यायालये अशा अटींची अंमलबजावणी करणार नाहीत, असा निर्णय दिला, आणि १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतील हा भेदभावच बेकायदा ठरविला. ते दार उघडले नसते, तर आपली मुले आज ज्या वसाहतींत राहतात त्यांपैकी किती वसाहतींत त्यांना प्रवेश मिळाला असता? परक्या देशात उघड्या दाराचा लाभ घेणाऱ्यांनी स्वदेशात दार लावून घेण्याची योजना आखावी, हे आम्हांस तरी शोभादायक वाटत नाही.

म्हणून आमचे मत असे : ज्ञातीची वसाहत असो वा सर्वांची, घर घेण्याचा निर्णय पाटीवरील नावावरून करू नये. आपल्या मंडळाने वसाहत काढण्याच्या भरीस न पडता त्याहून उपयुक्त असे एक काम हाती घ्यावे. आपल्यात वकील आहेत, अभियंते आहेत, लेखापरीक्षक आहेत. त्यांपैकी तिघांनी महिन्यातून एक रविवार कार्यालयात बसावे, आणि घर घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाचे कागद—जमिनीचा उतारा, ताळेबंद, वृत्तांत, तपासणीचा अहवाल—विनामूल्य पाहून द्यावेत. शिष्यवृत्तीने एका मुलाचे एक वर्ष सावरते. अशा एका रविवारने एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची मिळकत सावरेल. ही सूचना कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

शेवटी भगिनींना एक शब्द. घराचा व्यवहार बहुधा पुरुष करितात, आणि त्या घरात व त्या संस्थेत अधिक काळ वावरतात त्या स्त्रिया. तरीही शेअर सर्टिफिकेटवर ज्याचे नाव प्रथम, सभेत मत देण्याचा हक्क त्याचा. दुसऱ्या नावाला संधी पहिला गैरहजर असेल तेव्हाच. म्हणून नाव कोणाचे, आणि प्रथम कोणाचे, याचा विचार घरातच आणि घर घेण्यापूर्वीच व्हावा. सभेचे निमंत्रण आले म्हणजे ते फ्रिजवर चिकटवून ठेवू नये, सभेस जावे.

घर घ्यावे काय, याचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. जमीन संस्थेच्या नावे आहे, निधी भरलेला आहे, सभा वेळेवर होतात, नियम वाचून मनास पटलेले आहेत, आणि वर्षातून दोन संध्याकाळी शेजाऱ्यांबरोबर एका सतरंजीवर बसून पाण्याच्या पंपाविषयी वाद घालण्याची आपली तयारी आहे, तर अवश्य घ्यावे. सामान्य मिळकतीच्या माणसाला याहून उत्तम निवारा शहरात मिळणे कठीण. पहिल्या चार गोष्टी असून पाचवी नसेल, तर घेऊ नये. कारण पहिल्या चार गोष्टी ज्यांनी घडविल्या, त्यांच्यापाशी ती पाचवी होती. आणि ती ज्या दिवशी सर्वांपाशी नाहीशी होईल, त्या दिवसापासून पहिल्या चारही हळूहळू नाहीशा होऊ लागतील.

 पाने वाढली असल्याची सूचना मिळाली आहे; सबब येथेच विराम घेतो.